‘स्पर्धाच नाही सर!’ आणि 120 तासांचं एक इंजिन



मागच्या व्हिडिओत मी ‘जिथं गर्दी नाही असं काम शोधा’ म्हणालो आणि स्वतःच अडकलो. दोन दिवसांत इचलकरंजीच्या एका मुलाचा भला मोठा मेसेज आला. वय 26, डिप्लोमा मेकॅनिकल, वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप. त्याला जुन्या, दुर्मिळ स्पोर्ट्स कारची आणि रेसिंग गाड्यांची इंजिनं पुन्हा बांधून द्यायचा धंदा काढायचा आहे. त्यासाठी घर तारण ठेवून कर्ज काढायची तयारी आहे. शेवटची ओळ होती, ‘सर, यात महाराष्ट्रात स्पर्धाच नाही!’

ही ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला. कारण हीच ओळ वीस वर्षांपूर्वी मी माझ्या थोरल्या भावाला ऐकवली होती. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी हे काम नेमकं असतं काय ते बघू. यूट्यूबवर चकचकीत इंजिन स्टँडवर फिरताना दिसतं, त्यामागचं टेबल दिसत नाही.

एकच इंजिन घेऊ. पोर्शे कंपनीचं टाइप 547. अर्न्स्ट फूरमान नावाच्या इंजिनिअरने ते डिझाइन केलं, म्हणून जाणकार त्याला फूरमान इंजिन म्हणतात. 1953 मध्ये ते टेस्ट बेंचवर पहिल्यांदा चाललं. चार सिलिंडर, दोन इकडे दोन तिकडे आडवे झोपलेले, हवेने थंड होणारं, अवघं 1498 सीसी. त्या काळी पोर्शेचं नेहमीचं दीड लिटरचं चांगल्यापैकी इंजिन 70 अश्वशक्ती द्यायचं, हे 110 द्यायचं. ते 550 स्पायडर नावाच्या हलक्या रेसिंग गाडीत बसलं. 1956 मध्ये 550 ए या पुढच्या मॉडेलने सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ शर्यत मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकून जिंकली. पुढे याच इंजिनाची दोन लिटरची भावंडं 1964 च्या 904 गाडीपर्यंत चालली. फूरमानसाहेब 1970 च्या दशकात त्याच कंपनीचे प्रमुख झाले. डिझाइनच्या टेबलावरून मालकाच्या केबिनपर्यंत गेलेला माणूस, हे जाता जाता.

आता ही ताकद आली कुठून? चार कॅमशाफ्ट. साध्या इंजिनात एक कॅमशाफ्ट असतो, तो लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह ढकलतो. इथं दोन्ही बाजूंच्या हेडवर दोन-दोन. आणि त्यांना फिरवायला चेन नाही, बेल्ट नाही. क्रँकवरून गिअर, गिअरवरून शाफ्ट, शाफ्टच्या टोकाला बेव्हल गिअर, तिथून कॅम, कॅमवरून पुन्हा बेव्हल गिअर आणि उभा शाफ्ट, मग वरचा दुसरा कॅम. ज्यांनी कधी बेव्हल गिअरची जोडी बसवली आहे त्यांना सांगायला नको. दोन गिअरमधली ढील जास्त झाली तर आवाज आणि मार, कमी झाली तर गरम होऊन खाणार. ती ढील शिम घालून जुळवायची. इथं अशी एक जोडी नाही, मालिकाच आहे. एका ठिकाणी शिम बदलली की पुढच्या सगळ्या ठिकाणचं टायमिंग हलतं. म्हणजे परत सुरुवातीला या. अख्खं इंजिन बांधायला 120 तास आणि त्यातलं नुसतं टायमिंग लावायला 15 तासांपर्यंत, हे आकडे या इंजिनाबद्दल सगळीकडे सांगितले जातात. आपल्याकडे डिझेल टेम्पोचं फुल इंजिन काम मिस्त्री किती दिवसांत उरकतो, ते आठवा आणि तुलना करा.

पण टायमिंग ही अर्धीच डोकेदुखी. खरी गंमत खाली क्रँकमध्ये आहे.

सुरुवातीच्या या इंजिनांत हिर्थ पद्धतीचा क्रँक आहे. आपल्या ओळखीचा क्रँक म्हणजे एक अखंड तुकडा, त्यावर दोन अर्ध्या शेलच्या बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची टोपी खोलली की रॉड मोकळा. हिर्थचा क्रँक तुकड्या-तुकड्यांचा आहे. प्रत्येक तुकड्याच्या तोंडावर किरणांसारखे दाते, समोरच्या तुकड्याचे दाते त्यात बसतात, आणि मधून खास आट्यांचा बोल्ट त्यांना ओढून धरतो. असं का केलं? कारण आत रोलर बेअरिंग आहेत आणि कनेक्टिंग रॉड अखंड आहे, त्याला टोपीच नाही. रॉड आत घालायचा तर क्रँकच खोलायला हवा. घर्षण कमी, मोठ्या आरपीएमला मजा. पण एक रोलर गेला, की अख्खा क्रँक सुटा करा, मोजा, परत जोडा आणि तो सरळ आला की नाही ते डायल गेजवर बघत बसा. आपल्या भाषेत एखादा थाऊ इकडे-तिकडे झाला तरी नवी बेअरिंग परत जाणार.

आणि हे रोलर जातात कशाने? पळवल्याने जातात असं वाटेल. तेही आहेच, पण हळू चालवूनही जातात. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर इंजिन दाबत चालवलं, तर या बेअरिंगवर धक्के बसतात. म्हणजे मालकाने प्रेमाने, जपून, रविवारी सकाळी हळूहळू फिरवलेली गाडी जास्त बिघडून येऊ शकते. गिऱ्हाईक म्हणणार, ‘मी तर कधी पळवलीच नाही!’ आणि ते खरंच बोलत असेल. पुढच्या इंजिनांत पोर्शेने साध्या बेअरिंगचा अखंड क्रँक घातला, त्यावरूनच समजा.

बरं, क्रँक गेला तर दुसऱ्या इंजिनाचा बसवू, किंवा इंजिनच बदलू? इथं या धंद्याचं अर्थशास्त्र सुरू होतं. 550 स्पायडर जगात सुमारे 90 बनल्या. 2016 मध्ये अमेरिकेत अमेलिया आयलंडच्या लिलावात अशी 1955 ची एक गाडी 53 लाख डॉलरच्या वर गेली. या भावात गाडीचा नंबर, इंजिनाचा नंबर, कागदपत्रं, सगळं येतं. मूळ इंजिनासह गाडी आणि दुसरं इंजिन टाकलेली गाडी, यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. म्हणून चिरलेलं क्रँककेससुद्धा फेकायचं नसतं, ते वाचवायचं असतं. आपण ज्याला भंगार म्हणू, तो तुकडा तुमच्या वर्कशॉपच्या जागेपेक्षा महाग असू शकतो. आणि तो तुमच्या टेबलावर, तुमच्या पोराच्या हातात पान्यासह असतो.

माझी गोष्ट इथूनच सुरू होते.

2004 साल. सांगलीत आम्हा भावांचं रिबोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं वर्कशॉप होतं. ट्रॅक्टर, टेम्पो, विहिरीवरची डिझेल इंजिनं. पैसा मोठा नव्हता, पण रोज होता. एक दिवस एक हौशी गृहस्थ जुनी इंग्लिश एमजी टीसी घेऊन आले. दोन सीटची, तारांच्या चाकांची स्पोर्ट्स कार. 1250 सीसीचं एक्सपीएजी इंजिन. फूरमान इंजिनासमोर हे म्हणजे बालवाडी, आणि इंग्लंडात याचे सुटे भाग मिळतातही. पण सांगलीत ते आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. दोन मोठ्या शहरांतल्या गॅरेजनी नाही म्हटलं होतं. मी छाती फुगवून हो म्हटलं. आण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणाला, ‘आधी खोलून बघू, मग भाव सांगू.’ मी म्हटलं, ‘आण्णा, यात स्पर्धाच नाही. एक केलं की रांग लागेल.’ आणि तिथंच उभ्या उभ्या 30,000 रुपये ठोक सांगून टाकले.

या इंजिनाची एक खोड आहे. बोल्टचं डोकं इंग्लिश व्हिटवर्थ मापाचं, पाना व्हिटवर्थचा बसतो. पण आटे मेट्रिक! 8 मिलिमीटरच्या बोल्टला एक मिलिमीटर पिचचे बारीक आटे. मॉरिसच्या इंजिन कारखान्याची मूळची फ्रेंच यंत्रसामग्री आणि इंग्लंडातले पाने, या जुळणीतून झालेली ही खिचडी. जाणत्या माणसाला हे पहिल्या दिवशी माहीत असतं. आमच्या पोराला माहीत नव्हतं, कारण मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. ब्लॉकच्या एका भोकात गाळ होता. पाना व्हिटवर्थ बसतोय म्हणून त्याने साफ करायला अडीच सुती व्हिटवर्थ टॅप फिरवला. माप जवळपास सारखंच, त्यामुळे टॅप आत गेला. आटे गेले. एका भोकाचे नव्हे, तीन भोकांचे. चौथ्याला त्याला शंका आली.

मी त्या पोराला ओरडलो. आजही लाज वाटते. चूक त्याची नव्हती.

पुढचे पाच महिने काय झालं ते थोडक्यात. बुश मारून आटे नव्याने काढले, बेअरिंग शेल इंग्लंडहून मागवले, ते एकदा चुकीच्या मापाचे आले, परत मागवले. सामानावर 14,000 गेले. मुख्य टेबल अडकलं, म्हणून ट्रॅक्टरवाले दुसरीकडे जाऊ लागले. हंगामाच्या तोंडावर शेतकरी आठवडाभर थांबत नाही, आणि का थांबावं? इंजिन शेवटी सुरेख चाललं, गृहस्थ खूष झाले, पेढे घेऊन आले. नंतर मी डायरी काढून तास मोजले. 260 च्या आसपास. 30,000 मधून सामानाचे 14,000 वजा केले तर हाती 16,000, म्हणजे तासाला साधारण 61 रुपये. त्यात वीज, भाडं, पोरांचा पगार, आमच्या दोघांचं पोट. रांग काही लागली नाही. सांगली-कोल्हापुरात तेव्हा अशा किती गाड्या होत्या, हा साधा प्रश्न मी विचारलाच नव्हता. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेलेली ट्रॅक्टरची गिऱ्हाइकं पुढच्या वर्षी परत आली नाहीत. दोन वर्षांनी ग्राइंडिंग मशीन विकलं. आण्णाने तोंडाने कधी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो, आणि माझ्या क्षेत्रातल्या काही मित्रांना ते आवडणार नाही. आम्ही ट्रेनर मंडळी ‘नीश पकडा, नीश पकडा’ असं जे ओरडत असतो, त्यात अर्धी गोष्ट गाळतो. स्पर्धा नसण्याची दोन कारणं असतात. कुणाच्या लक्षात आलं नाही हे एक. आणि ज्यांच्या लक्षात आलं ते हात भाजून गेले, हे दुसरं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

उलटं उदाहरण देतो. कॉसवर्थ डीएफव्ही नावाचं तीन लिटरचं व्ही-8 रेसिंग इंजिन. 1967 मध्ये झांडव्हूर्टला पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्कच्या लोटसमध्ये जिंकलं, पुढे फॉर्म्युला वनच्या 155 शर्यती जिंकल्या, 1975 आणि 1980 मध्ये ल मान्सची 24 तासांची शर्यतही जिंकली. हे इंजिन पैसे मोजणाऱ्या टीमना विकलं जायचं, त्यामुळे ते पुष्कळ बनलं. ते उघडून बांधणारी स्वतंत्र वर्कशॉप्स इंग्लंडात उभी राहिली. तिथं स्पर्धा होती. पण म्हणूनच सुटे भाग होते, मापांचे तक्ते होते, शिकलेली माणसं होती, आणि काय भाव घ्यायचा याचा अंदाज बाजाराला होता. नव्या माणसाला मी विचारलं तर गर्दीचं इंजिन आधी शिक म्हणेन. आपल्या इचलकरंजीच्या मुलासाठी ते डीएफव्ही नाही, जुनी बुलेट आणि जुनी जीप आहे.

मग दुर्मिळ कामात पैसा मिळवणारे कशावर मिळवतात? नुसत्या हातावर नाही. कॅलिफोर्नियात वासेक पोलाक नावाचे मूळचे चेक गृहस्थ होते, पोर्शेचे विक्रेते आणि रेसिंग टीमचे मालक. चार कॅमच्या या इंजिनांचे जाणकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पण मला त्यांच्याबद्दल सगळ्यात भावलं ते त्यांचं गोदाम. इतर लोक जुने भाग टाकत होते तेव्हा ते साठवत होते. ते गेल्यानंतरही त्या साठ्याची चर्चा होत राहिली. या धंद्यात भाग, जिग, आणि प्रत्येक इंजिनाची मापं लिहिलेली वही, ही खरी मशिनरी. तुमच्या मिस्त्रीच्या डोक्यात जे आहे ते वहीत नसेल, तर तो सोडून गेला त्या दिवशी तुमचा धंदाही त्याच्या मागून गेला.

भावाचं गणित आता तरी नीट मांडूया. समजा भाडं, दोन कारागीर, वीज, हप्ते आणि तुमचा स्वतःचा पगार (हो, स्वतःचा पगार लिहायचाच!) मिळून महिन्याला 1,40,000 खर्च. तिघांचे मिळून 26 दिवसांचे 624 तास होतात. पण फोन, भाग शोधणं, चहा, गिऱ्हाइकाशी गप्पा हे वजा जाता बिलात लावता येतील असे 350 तास मिळाले तरी खूप. म्हणजे नफा न धरता तासाला 400 रुपये. 120 तासांच्या बांधणीचे 48,000. मशीनिंग वेगळं, भाग वेगळे, खोलून मोजायचे पैसे वेगळे. आता तुम्ही मला सांगा, गिऱ्हाइकाच्या तोंडावर हा आकडा न अडखळता बोलता येईल का? आरशासमोर बोलून बघा. मला पहिल्या वर्षी जमलं नसतं.

म्हणून अशा कामात ठोक भाव सांगूच नये, असं माझं ठाम मत आहे. खोलायचे आणि मोजायचे पैसे आधी घ्या, लेखी रिपोर्ट द्या, मग पुढचं कोटेशन टप्प्याटप्प्याने. टप्पा संपला, पैसे आले, पुढचा टप्पा. गिऱ्हाईक नाही म्हणालं तर रिपोर्ट आणि इंजिन घेऊन जाईल. जाऊ द्या.

आणि कायद्यातली एक गोष्ट, जी मला 2004 मध्ये कुणी सांगितली नाही. भारतीय करार कायदा, 1872, कलम 170. गिऱ्हाइकाने दिलेल्या वस्तूवर तुम्ही श्रम आणि कौशल्य खर्च केलं असेल, तर तुमचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे, उलट करार झालेला नसेल तर. कायद्यातच दोन सोपी उदाहरणं आहेत. कच्चा हिरा पैलू पाडायला दिला, तर पैसे मिळेपर्यंत जवाहिरा तो ठेवू शकतो. पण शिंप्याने कोट शिवल्याबरोबर देण्याचं आणि पैशांना तीन महिने थांबण्याचं कबूल केलं असेल, तर तो कोट अडवू शकत नाही. कळलं का? ‘राहू द्या साहेब, सावकाश द्या’ हे आपलं लाडकं वाक्य बोललात, की हातातला हक्क गेला. दुसरी बाजूही आहे. त्याच कायद्याच्या कलम 151 प्रमाणे वस्तू तुमच्या ताब्यात असताना एखादा समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तुम्ही घ्यायलाच हवी. म्हणून महाग इंजिन आत घ्यायच्या आधी फोटो, लेखी पावती आणि विमा. विमा एजंटला नेमकं विचारा, की गिऱ्हाइकाची वस्तू तुमच्या पॉलिसीत धरली आहे का. दुकानाचा विमा आहे म्हणजे ती धरली असेलच, असं समजू नका.

त्या मुलाला मी फोन केला. म्हटलं, घर तारण ठेवू नको. वडिलांचं लेथ चालू आहे, ते चालू ठेव. भंगारातून एक बंद पडलेलं जुनं जीपचं इंजिन आण, आणि ते गिऱ्हाइकाचं आहे असं समजून खोल. प्रत्येक बोल्ट पिशवीत, प्रत्येक माप वहीत. खोलायला किती तास लागतील ते आधी लिहून ठेव आणि मग घड्याळ लाव. तो जरा नाराज झाला. त्याला माझ्याकडून कर्जाच्या योजनेचं नाव हवं होतं, आणि मी त्याला भंगारवाल्याकडे पाठवलं.

काल रात्री त्याचा मेसेज आला. सोबत पिशव्यांचा फोटो, प्रत्येकीवर पेनने नंबर. खाली लिहिलं होतं, ‘सर, अंदाज 4 तास लिहिला होता. 11 झाले. आणि दोन स्टड तुटले, ते अजून काढायचेत.’